त्रिनिदादमधलं पहिलं वर्ष: महिन्याचा खर्च नेमका किती येतो

सप्टेंबर 2023 मध्ये ऑफर लेटर आलं. पॉइंट लिसासच्या एका अमोनिया प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर, पगार महिना 24,000 टीटी डॉलर, कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं. टीटी म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगोचा डॉलर, इथे सगळे नुसतं टीटीच म्हणतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण 6.78 टीटी, आणि एक टीटी म्हणजे तेव्हा सव्वाबारा रुपयांच्या आसपास. म्हणजे पगार जवळजवळ तीन लाखाला टेकत होता, आणि आम्ही दोघं त्या रात्री रायगडातल्या क्वार्टरमध्ये बसून इंटरनेटवर शोधत होतो की तीन माणसांना तिकडे महिन्याला किती लागतात. कुणी लिहिलेलं हजार अमेरिकन डॉलर पुरतात, कुणी लिहिलेलं चार हजारही कमी पडतात. त्या रात्री काहीच उमगलं नाही. आता वर्षभराची वही माझ्याकडे आहे, आणि ते दोन्ही आकडे खरे असू शकतात हे मला माहीत आहे, म्हणून जे जसं घडलं तसं लिहितेय. पुढे जिथे नुसतं डॉलर लिहीन ते टीटी समजा.

खर्च तिकडे जायच्या आधीच सुरू होतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर कागदांत गेले. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, फी 500 रुपये. डिग्री, जन्मदाखला, लग्नाचा दाखला यांचं आधी मंत्रालयातून स्टेट अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का. सरकारी फी किरकोळ आहे पण एजंट आणि मुंबईच्या फेऱ्या धरून आमचे 14,000 रुपये गेले, त्यातले निम्मे वाचले असते जर मी मुलीचे आणि नवऱ्याचे कागद माझ्याबरोबरच एका खेपेत केले असते. ते नंतर येणार म्हणून ठेवून दिले आणि जूनमध्ये नवऱ्याला पुन्हा तेच सगळं करायला लागलं. सगळ्यांचं एकदमच करा.

दुसरं म्हणजे यलो फीवरची लस. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद आहे, म्हणजे इथून भारतात परत जाताना ते पिवळं सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस निघायच्या आधीच घ्या, सरकारी केंद्रात मला 300 रुपये पडले, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं हे लक्षात ठेवा. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

वर्क परमिटचा अर्ज कंपनी करते, तेव्हा तो नॅशनल सिक्युरिटीच्या मंत्रालयाकडे जायचा. अर्जाची फी तेव्हा 600 डॉलर होती आणि परमिटच्या प्रत्येक महिन्याला 450, म्हणजे दोन वर्षांचे 10,800 झाले. माझ्या कंपनीने भरले, पण माझ्याबरोबर दुसऱ्या कंपनीत रुजू झालेल्या एका मुलाच्या पगारातून ते हप्त्याने कापले जात होते आणि त्याला पहिली पे स्लिप बघेपर्यंत कल्पना नव्हती. परमिटची फी कोण भरणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. माझं परमिट हातात यायला नऊ आठवडे लागले.

6 फेब्रुवारी 2024 ला मी एकटी पोचले. नवरा शिक्षक आहे, त्याची परीक्षा आणि मुलीची दुसरी संपल्यावर ते येणार असं ठरलेलं. आणि इथे माझा अंदाज चुकला, कारण 12 आणि 13 फेब्रुवारीला कार्निव्हल होता. ते दोन दिवस कागदोपत्री सरकारी सुट्टीचे नाहीत, पण सगळा देश बंद असतो आणि खरं तर आधीच्या आठवड्यापासूनच कुणाचं कामात लक्ष नसतं. घर दाखवणारा एजंट म्हणायचा ॲश वेन्सडे नंतर, म्हणजे कार्निव्हलनंतरच्या बुधवारनंतर बघू. कंपनीने गेस्ट हाऊस दहा रात्रींचं दिलेलं, वरच्या सहा रात्री मी स्वतः भरल्या, रात्रीचे 550 प्रमाणे 3,300 डॉलर. कार्निव्हल बघायचा असेल तर जरूर त्या दिवसांत या, पण बस्तान बसवायला येत असाल तर ते दोन आठवडे टाळा.

घर शोधताना पहिल्यांदा मला या देशातल्या दोन किमती दिसल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला वेस्टमूरिंग्जला एजंटने एक फ्लॅट दाखवला, गेटवर गार्ड, खाली स्विमिंग पूल, भाडं 2,200, आणि मी मनात हिशोब करून खूश झाले तेव्हा तो म्हणाला, यूएस. परदेशी माणसांसाठीची घरं तिकडे अमेरिकन डॉलरमध्येच बोलतात. म्हणजे जवळजवळ 15,000 टीटी, माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. आणि कामाच्या जागेपर्यंत रोज हायवेवरचा तासभराचा ट्रॅफिक वेगळा.

मग मी प्लांटमधल्या लोकांना विचारायला लागले, आणि प्लांटजवळच्या कुव्हा गावातल्या एका घराचा खालचा मजला मिळाला. दोन बेडरूम, फ्रिज, स्टोव्ह, वॉशिंग मशीन, खिडक्यांना लोखंडी गज, 4,500 डॉलर. एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिना ॲडव्हान्स म्हणजे 9,000 एकदम द्यायला लागले. वरती मालकीणबाई राहतात, वय 74, एकट्या, मुलं कॅनडात. पहिल्या दिवशी मी त्यांना काय म्हणून हाक मारू असं विचारलं तर म्हणाल्या, "सगळी पोरं मला आजीच म्हणतात." मला क्षणभर कळेचना. त्यांना हिंदी येत नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, पण 1845 पासून जी माणसं मजूर म्हणून बोटीतून इथे आणली गेली त्यांच्या भोजपुरीतले नात्यांचे आणि स्वयंपाकाचे शब्द जसेच्या तसे राहिलेत. वडिलांची आई ती आजी, आईची आई ती नानी. माझ्या माहेरापासून, अकोल्यापासून इतक्या लांब येऊन मी एका परक्या बाईंना पहिल्याच दिवशी आजी म्हटलं आणि त्यांनी ओ दिली.

घर बघताना भाड्याइतकंच पाण्याच्या टाकीचं विचारा. आमच्या रस्त्याला पाणी आठवड्यातून ठरलेले तीन दिवस येतं, तेही बहुतेक रात्री, त्यामुळे टाकी किती गॅलनची आहे आणि पंप आहे का हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आमच्याकडे हजार गॅलनच्या दोन काळ्या टाक्या आहेत, म्हणून भागतं. पाण्याचं बिल आजी भरतात.

बँक अकाउंटला सगळ्यात जास्त वेळ गेला. दोन ओळखपत्रं, परमिट, कंपनीचं जॉब लेटर आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्याचा पुरावा म्हणजे लाइटचं बिल, आणि ते आजींच्या नावावर. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी आजींचं पत्र, त्यांच्या आयडीची कॉपी, लाइटचं बिल आणि भाड्याचा करार असं सगळं एकत्र नेलं तेव्हा 18 मार्चला अकाउंट उघडलं. फेब्रुवारीचा पगार चेकने मिळालेला तो तोपर्यंत पर्समध्येच होता. सांगायचं हे की निदान सहा आठवडे पुरतील एवढे अमेरिकन डॉलर बरोबर आणा, मी 1,500 आणलेले आणि शेवटी प्लांटमधल्या मैत्रिणीकडून उसने घ्यायला लागले.

टॅक्सचा बीआयआर नंबर आणि विम्याचा एनआयएस नंबर हे कंपनीच्या एचआरने करून दिले, त्याला त्रास नाही झाला. कापलं काय जातं ते मात्र समजून घ्या. वर्षाला 90,000 डॉलरपर्यंत इन्कम टॅक्स नाही, त्याच्यावर 25 टक्के. मग एनआयएस, माझ्या पगाराला 2024 मध्ये आठवड्याला 138.10, आणि हेल्थ सरचार्ज आठवड्याला 8.25. मार्चचा पगार हातात आला साधारण 19,400. एप्रिलचा आला तो जवळजवळ दीडशे कमी, आणि मला वाटलं काहीतरी चुकलंय. एचआरच्या बाईंनी कॅलेंडर पुढे ओढून सोमवार मोजून दाखवले. हे दोन्ही पैसे सोमवारांच्या हिशोबाने कापतात, मार्चमध्ये चार सोमवार होते, एप्रिलमध्ये पाच. आता नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की मी आधी पाच सोमवारांचे महिने खूण करून ठेवते.

सामानाबद्दल एक. मी आईने दिलेला मिक्सर भारतातून आणला, सूटकेसमध्ये तीन किलो वजन त्याला दिलं. इथे घरातल्या प्लगला 115 व्होल्ट येतात. मिक्सर लावला तर नुसता घुं घुं करत पाती जेमतेम फिरली, खोबरं तसंच्या तसं. एसीसाठी वेगळा 230 चा पॉइंट असतो, त्यावर चालवायचा विचार आला, पण इलेक्ट्रिशियनने सांगितलं की तो पॉइंट एसीचाच राहू दे. स्टेप अप ट्रान्सफॉर्मर 650 ला घेतला. तेवढ्यात दोन लोकल ब्लेंडर आले असते. प्रेशर कुकर, पोळपाट, चकलीचा साचा, मसाल्याचा डबा हे जरूर आणा, मोटर असलेलं काही आणू नका. पोळपाट लाटणं तसं इथेही मिळतं, लाटण्याला बेलना म्हणतात आणि तव्याला तवाच.

आता जेवणाचा खर्च, जो मला सगळ्यात उशिरा समजला.

मार्चमध्ये मी एकटी होते आणि वाणसामानाला 2,900 डॉलर गेले. एका माणसाला. वही उघडून बघितलं की आठवतं मी काय काय घेत होते. तूरडाळ, बासमती, चक्कीचा आटा, पनीर, दह्याचे छोटे डबे, सफरचंद, द्राक्षं, फ्लॉवर, ब्रोकोली. म्हणजे भारतात सुपरमार्केटमध्ये जशी ट्रॉली भरायची तशीच भरत होते. यातलं काहीच इथलं नाही. डाळ आणि आटा बोटीने येतो, सफरचंद मायामीवरून येतात, आणि त्या प्रवासाचा, ड्युटीचा, दुकानदाराच्या नफ्याचा सगळा भार त्या पाकिटावर असतो. दोन पौंड तूरडाळीला मी 46 डॉलर दिलेत, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या वर, एक किलोही नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आजींनी माझ्या हातातल्या पिशव्या बघितल्या. काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला दारावर थाप, हातात दोन रिकाम्या पिशव्या, चल म्हणाल्या. आम्ही शगुआनसच्या मार्केटला गेलो. आणि तिथे मी अर्धा तास नुसती फिरत होते. वांग्याला बैंगन म्हणतात, कारल्याला करैली, शेवग्याला सैजन, पालेभाजीला भाजी. चोराई भाजी म्हणून जी जुडी घेतली तो आपला माठ निघाला. अळूची पानं ढिगाने, त्याचं हे लोक नारळाचं दूध आणि भेंडी घालून कॅलालू करतात. चवळीच्या हातभर लांब शेंगा, त्यांना बोडी म्हणतात, 10 डॉलरला जुडी. लाल भोपळा पौंडावर. कढीपत्त्याला कारापुले म्हणतात, तो एका बाईने तशीच एक डहाळी मोडून दिली, पैसे घेतले नाहीत. सगळं पौंडात किंवा ढिगाच्या हिशोबाने, घासाघीस फार चालत नाही पण ओळख झाली की दोन लिंबं वर पडतात. कोथिंबीर महाग असते, तिच्याऐवजी शॅडो बेनी म्हणून लांब पानांचं एक असतं, वास कोथिंबिरीचाच पण जास्त उग्र, निम्मी घातली तरी पुरते. त्या दिवशी आठवड्याची भाजी 130 डॉलरमध्ये आली.

डाळ इथली म्हणजे पिवळी वाटाण्याची, स्प्लिट पीज, तुरीच्या निम्म्याहून कमी भावात मिळते. मला आधी तिचा वास आवडायचा नाही. आजींनी करून दाखवली. हळद, कांदा, एक आख्खी तिखट मिरची न फोडता वर तरंगत ठेवायची, डाळ शिजली की घोटायची, आणि मग लोखंडी पळीत, तिला त्या कलछुल म्हणतात, तेलात लसूण काळपट होईपर्यंत जिरं टाकून ती पळी तशीच तापलेली डाळीत बुडवायची. चर्र आवाज येऊन सगळ्या घरात वास जातो. याला म्हणतात डाळ चुंकायची. आता आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस हीच डाळ असते आणि तूरडाळ फक्त सणाला.

दूध ताजं क्वचित मिळतं, लिटरचा यूएचटी खोका घेऊन दही घरी लावते. विरजण प्लांटमधल्या एका तमिळ सहकाऱ्याकडून आणलं. पोळ्यांना चक्कीचा आटा थोडा आणि इथला काउंटर फ्लोर, म्हणजे गव्हाचंच पीठ, जास्त असं मिसळते, मुलीला आता फरक कळत नाही. तांदूळ, पीठ, ब्रेड, दूध यांवर व्हॅट नाही, बाकी बहुतेक गोष्टींवर साडेबारा टक्के, तेव्हा बिल बघताना शेवटची ओळ बघत जा.

स्वस्त काय आहे, तर ऊर्जा. हा तेल आणि गॅसचा देश आहे आणि ते घरात दिसतं. स्वयंपाकाच्या गॅसचा 20 पौंडी सिलिंडर 21 डॉलर, म्हणजे नऊ किलो गॅस अडीचशे रुपयांच्या आसपास. लाइटचं बिल दोन महिन्यांनी येतं, पहिली 400 युनिट 26 सेंट, त्यापुढे हजारपर्यंत 32, त्याच्यावर 37. एकटी असताना 900 युनिटचं बिल व्हॅट धरून 304 डॉलर आलं, दोन महिन्यांचं. आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनदा विचारलं.

प्रवासाला मे महिन्यापर्यंत मी टॅक्सी आणि मॅक्सीने जायचे. मॅक्सी म्हणजे आपली मोठी वडाप, पांढऱ्या गाडीवर रंगीत पट्टा, पट्ट्याच्या रंगावरून रूट कळतो. कुव्हा, शगुआनस, सॅन फर्नांडो हा आमचा भाग हिरव्या पट्ट्याचा. अधिकृत टॅक्सीची नंबर प्लेट एच ने सुरू होते, पी असेल तर ती खासगी गाडी. पी च्या गाड्याही भाडं मारतात आणि लोक बसतात, पण नवीन माणसाने, विशेषतः बायकांनी संध्याकाळनंतर बसू नये असं मला प्लांटमधल्या सगळ्यांनी निक्षून सांगितलं आणि मी ते पाळलं. मॅक्सी स्वस्त आहे, पण शिफ्ट संपून रात्री दहाला यायचं तर ओळखीच्या टॅक्सीवाल्याला बोलवायला लागायचं, त्याचे एका महिन्याला 1,900 झाले. म्हणून मेमध्ये जुनी निस्सान टीडा घेतली, 45,000 डॉलर, कंपनीचा सेटलिंग अलाउन्स आणि आमची बचत मिळून. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडी डावीकडूनच, त्यामुळे हात लगेच बसला. थर्ड पार्टी इन्शुरन्स वर्षाला 2,400. सुपर पेट्रोल तेव्हा लिटरला 6.97.

जून-जुलै कठीण गेले. 1 जुलैला बेरिल वादळ ग्रेनेडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. त्रिनिदाद दक्षिणेला असल्याने आमच्याकडे फक्त वारा-पाऊस झाला, पण आदल्या दोन दिवसांत दुकानांतून पाणी, बिस्किटं, बॅटऱ्या संपल्या आणि मी एकटी रांगेत उभी राहून रडवेली झाले होते. तेव्हापासून जून ते नोव्हेंबर घरात एक खोका भरलेला असतो, त्याला साधारण 250 डॉलर लागले.

आणि त्याच सुमारास पैसे भारतात पाठवायचा प्रश्न. याबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते. इथे अमेरिकन डॉलरची टंचाई आहे. तुमच्या अकाउंटमध्ये टीटी भरपूर असले तरी बँक त्याचे यूएस करून देईलच असं नाही, प्रत्येक बँकेची आपली मर्यादा असते आणि नंबर लावायला लागतो. थळजवळच्या आमच्या फ्लॅटचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो. मी 10 जूनला अर्ज दिला आणि पैसे पोचले 2 जुलैला, ते तीन आठवडे मी रोज बँकेत फोन करायचे आणि रात्री झोप लागायची नाही. काउंटरवरची मुलगी बिचारी स्वतःच ओशाळून बोलायची. शेवटी मी कंपनीच्या मॅनेजरकडे सगळे कागद घेऊन गेले आणि जुलैपासून कंपनीने पगाराचा एक चतुर्थांश भाग यूएस डॉलरमध्ये द्यायचं मान्य केलं. जे नंतर विनवण्या करून मिळालं ते सही करायच्या आधी एका वाक्यात मिळालं असतं. तुम्ही येत असाल तर पगार किती हे विचारण्याआधी पगार कुठल्या डॉलरमध्ये हे विचारा.

17 ऑगस्टला नवरा आणि मुलगी आले. नवऱ्याला इथे काम करायचं तर त्याचं स्वतंत्र परमिट लागतं, माझ्या परमिटवर तो नुसता राहू शकतो, त्यामुळे त्याने दोन वर्षांची बिनपगारी रजा घेतली आहे. एका पगारावर तिघं हे गणित आधीपासून धरून चाला. मुलीसाठी स्टुडंट परमिट काढलं आणि जवळच्या खासगी प्रायमरीत घातलं, टर्मला 5,500, वर्षाला तीन टर्म. युनिफॉर्म आणि पुस्तकं 1,700. पहिल्या महिन्यात ती रोज रडायची आणि दुपारी वरती आजींकडे जाऊन बसायची. ऑक्टोबरमध्ये एक दिवस घरी येऊन मला म्हणाली, "आई, मला डबल्स, स्लाइट पेपर." डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या रोट्या, त्यांना इथे 'बारा' म्हणतात, आणि मध्ये छोले, रस्त्यावर उभ्याने खायचे, 6 डॉलर, आणि स्लाइट म्हणजे मिरची थोडीशीच. त्या दिवशी मला वाटलं की आता ती रुळली.

31 ऑक्टोबरला दिवाळी झाली, सुट्टी सगळ्या देशाला. शगुआनसजवळच्या कुंभारांकडून मातीच्या पणत्या आणल्या, इथे त्यांना दिया म्हणतात, आणि आजींनी अंगणात बांबू वाकवून त्यावर शंभरएक लावल्या. नोव्हेंबरमध्ये मुलीला ताप, खासगी डॉक्टरची फी 350 आणि रक्ततपासणी 280. सरकारी हेल्थ सेंटर फुकट आहे आणि लसीला आम्ही तिथेच जातो, पण अंगात ताप असलेल्या मुलीला घेऊन मोठ्या रांगेत बसवेना.

डिसेंबरचा एक दिवस मला नीट आठवतो. रविवारची दुपार होती. मी वरती गेले तर आजी गॅलरीत बसलेल्या, म्हणजे घरापुढचा व्हरांडा, आणि पुढ्यात मोठ्या घमेल्यात हिरव्या शेंगा. पिजन पीज सोलतेय म्हणाल्या. मी एक शेंग उचलली. तूर. कुंपणाच्या मागच्या बाजूला आठ-दहा झाडं होती, मी दहा महिने त्यांच्यावरूनच जात होते आणि माझ्यासारख्या अकोल्याच्या मुलीला ती ओळखू आली नव्हती, कारण मी तूर नेहमी एकरांनी बघितलेली, कुंपणाला लावलेली कधी नाही. शेंगेच्या पाठीवरच्या त्या तपकिरी रेघा, नखाने शिवण उकलली की आत चार-पाच दाणे, आणि बोटांना येणारा तो चिकट हिरवा वास. आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला याच सोल्यांची उसळ होते. इथे लोक तूर बहुतेक ओलीच खातात, भातात शिजवून, नारळाच्या दुधात. वाळवून डाळ सहसा कुणी करत नाही. म्हणजे मी जी डाळ 46 डॉलरला आणत होते तिचं झाड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभं होतं. मुलगीही येऊन बसली, तिघींनी चार वाजेपर्यंत सोलल्या, आणि रात्री मी लसूण, तीळ आणि लाल तिखट घालून आईच्या पद्धतीची उसळ केली. आजींनी दोनदा वाढून घेतली.

30 डिसेंबरला सरकारने टोळ्यांच्या हिंसाचारामुळे आणीबाणी जाहीर केली. संचारबंदी नव्हती, प्लांट चालू होता, शाळा ठरल्याप्रमाणे उघडली, पण भीती वाटलीच, खोटं कशाला लिहू. सुरक्षिततेचाही खर्च धरा. अंगणातला सेन्सरचा दिवा आणि दाराला दुसरं कुलूप यांचे 420 डॉलर गेले, आणि अंधार पडल्यावर कुठे जायचं असेल तर आम्ही ते बेत बदलतो.

जानेवारी 2025 चा महिना मी सेंट न सेंट लिहिला, कारण परीक्षा म्हणून एक साधा महिना हवा होता. भाडं 4,500. लाइट 190, आता एसी रात्री चालतो. गॅस 25. इंटरनेट आणि दोन फोन 580. जेवणखाण 3,300, त्यात मार्केटचे 1,100 आणि दुकानाचे 2,200, म्हणजे पहिल्या मार्चमध्ये मी एकटीने जेवढे घालवले त्याच्यापेक्षा फक्त 400 जास्त आणि खाणारी तीन तोंडं. गाडीला 1,060, त्यात पेट्रोल 560, इन्शुरन्सचा महिन्याचा वाटा 200 आणि दुरुस्तीला बाजूला ठेवलेले 300. शाळेचा महिन्याचा वाटा 1,375. डॉक्टर आणि औषधं 400. बाहेरचं खाणं आणि समुद्रावर जाणं 600. किरकोळ 500. सगळे मिळून 12,530, भारतीय दीड लाखाच्या थोडं वर. उरलेल्यातून 2,000 भारताच्या तिकिटांसाठी वेगळ्या अकाउंटला टाकतो, कारण तिघांचं तिकीट एकदम काढायची वेळ येते तेव्हा पायाखालची जमीन सरकते. बाकी साधारण 4,800 शिल्लक. हेच घर वेस्टमूरिंग्जला घेतलं असतं आणि ट्रॉली पहिल्या महिन्यासारखीच भरली असती तर हा पगार पुरला नसता, हे मी वहीत दोन्ही बाजूंनी मांडून बघितलंय.

ऑनलाइन मागवायची सवय असेल तर तेही आवरा. लोक मायामीच्या पत्त्यावर मागवून स्कायबॉक्सने, म्हणजे तिथून इथे सामान आणणाऱ्या कुरिअरने आणतात, पण वजनाचं भाडं, ड्युटी, व्हॅट आणि वर 7 टक्के ऑनलाइन खरेदीचा टॅक्स. मुलीचे 30 यूएस डॉलरचे बूट घरी आले तेव्हा दुप्पट झाले होते.

परमिटच्या रिन्यूअलची तयारी आम्ही मेपासूनच सुरू केली आहे, पोलीस क्लिअरन्स परत लागेल म्हणून. आणि 19 जूनला कॉर्पस क्रिस्टीची सुट्टी होती. आजी म्हणाल्या, मका आणि तूर लावायची तर याच दिवशी, त्यांच्या आजीपासून असंच चालत आलंय. आई त्याच दिवशी फोनवर सांगत होती की मृगाचा पाऊस अजून नीट झाला नाही, पेरण्या खोळंबल्यात. इकडे रात्रीच पाऊस पडून गेला होता. आजींनी डब्यात जपून ठेवलेलं बी काढलं, मुलीने कुंपणाच्या आमच्या बाजूला काठीने भोकं पाडली, एकेका भोकात तीन-तीन दाणे. बारा जागी लावलीय. त्यातली नऊ उगवली आहेत.